आधी खण ठरवा, मग घर: आठ जणांनी मिळून संगणकावर गल्ली उभी करायची तर

माझी आजी आमच्या इंदूरच्या जुन्या घराचं वर्णन एका दमात करायची: पाच खणी, दोन मजली, पुढे ओटला. ऐकणारा सुतार असला तर त्याला पुढे फारसं विचारावं लागत नसे. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. तो ठरला की तुळईची लांबी ठरली, कडीपाटाच्या फळ्या ठरल्या, दार कुठे बसेल तेही ठरलं. मी बावीस वर्षं एका ऑफिसात नकाशे काढले, आधी हाताने, मिनी ड्राफ्टर लावून, आणि मग संगणकात ऑटोकॅडवर. तरी आजीच्या त्या वाक्यात किती सोय भरलेली आहे ते कळलं निवृत्तीनंतर, ब्लेंडर हे त्रिमितीय आकार घडवायचं सॉफ्टवेअर शिकताना.

झालं असं, की भाच्याच्या डोक्यात आलं, इंदूरच्या राजवाडा-सराफा भागात असतात तशी एक जुनी गल्ली सगळ्यांनी मिळून संगणकावर उभी करायची. आठ जण जमलो. चौघं इंदुरात, बाकीचे पुणे, बडोदा, नागपूर. प्रत्येकाला तीन प्लॉट, म्हणजे चोवीस घरं. भाचा म्हणाला, "आत्या, ज्याने त्याने आपापली घरं करायची, मग एका फाइलीत आणून ठेवायची. त्यात काय आहे?"

दीड महिन्याने एका रविवारी सगळ्यांच्या फाइली एकत्र उघडल्या. पोहे, शेव, जीरावन सगळं टेबलावर मांडलेलं, आणि ते तसंच राहिलं. एकाचं दार दुसऱ्याच्या पहिल्या मजल्याला टेकत होतं. एकाचे खांब जमिनीत अर्धे गाडलेले. आणि नऊ-दहा नंबरची घरं तर बघवत नव्हती. दोघांनीही मधली सामाईक भिंत काढली होती, दोघांनीही बरोबर हद्दीच्या रेषेवर मध्य धरून. एकाची पिवळी, एकाची निळी. समोरून पाहिलं तर दोन्हींचे दर्शनी भाग एकाच पातळीत एकमेकांवर. पुढचा कुठला ते संगणकाला ठरवता येईना, त्यामुळे कॅमेरा जरा हलला की भिंत पिवळी-निळी लुकलुकायची. लग्नाच्या मांडवातल्या माळेसारखी.

तो पसारा आम्ही टाकून दिला. दुसऱ्या खेपेला जे केलं ते इथे लिहिते: भिंत, दार, खिडकी असे ठरावीक मापाचे तुकडे एकदाच करायचे, आणि त्या एका संचातून प्रत्येकाने आपली घरं जुळवायची. आम्ही ब्लेंडर वापरतो, पण मापं आणि सांध्यांचे नियम कुठल्याही सॉफ्टवेअरला चालतील.

पहिलं काम टेप घेऊन बाहेर पडायचं. १९१८ साली स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारसाठी इंदूरचा नगररचना अहवाल लिहिला. आधी पाहणी आणि मगच आराखडा, हा त्यांचा आग्रह. आम्ही तेवढं एक उचललं. आमच्या नि शेजारच्या घरांचे खण मोजले तर पावणेपाच ते सव्वापाच फूट भरले. भिंती नऊ इंची किंवा त्याहून जाड. पण सगळ्यात कामाची गोष्ट ओटल्यांनी सांगितली. गल्लीला उतार आहे. वरच्या टोकाला ओटल्यावर चढायला एक पायरी, खालच्या टोकाला चार. घरातली जमीन मात्र सपाट. म्हणजे रस्त्याचा सगळा वाकडेपणा ओटला आणि त्याखालचं जोतं पोटात घेतं, आणि घराला त्याचा पत्ताही लागत नाही. सराफ्यात दिवसा दागिन्यांची दुकानं असतात आणि रात्री त्यांच्यापुढे खाण्याची. तिथे मी जन्मभर जात आले, पण पायऱ्या कधी मोजल्या नव्हत्या.

आता मापं. सगळ्यात लहान माप आम्ही २५ सेंमी धरलं आणि त्याला वीत म्हणायला लागलो. खरी वीत नऊ इंचांची, पण नाव तोंडात बसलं. खण सहा वितींचा, म्हणजे १.५ मीटर. मजला ३ मीटर. भिंतीची जाडी एक वीत. पायरी १२.५ सेंमी, म्हणजे एका वितीत दोन. ओटला पुढे चार वीत.

मी फूट-इंचांत वाढलेली. मजला दहा फुटांचा धरावा असा माझा हट्ट होता. पुण्याच्या भाचीने तो मोडून काढला. दहा फूट म्हणजे ३.०४८ मीटर. कुणीतरी कंटाळून ३.०५ लिहिणार, आणि पाच मजले चढेपर्यंत शेजारच्या घराशी १ सेंमीचा फरक पडणार. छतांच्या रेषा जुळेनाशा झाल्या की आधी अशीच एखादी दशांशातली गंमत शोधा. म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांनी एकक मीटर ठेवायचं, ग्रिडला चिकटणारं स्नॅपिंग चालू ठेवायचं, आणि पायरी सोडली तर वितीच्या पटीत नसलेलं माप संचात घ्यायचंच नाही.

खरी घरं अर्थातच वितीच्या पटीत नसतात. एक प्लॉट ६.८ मीटर भरला. तो ६.७५ केला. दोन टोकांना अर्ध्या मीटरचे खांब, म्हणजे १ मीटर. मध्ये तीन खण, म्हणजे साडेचार. उरले १.२५. ते भरायला दोन वितींच्या दोन पट्ट्या आणि एका वितीची एक. पट्टी म्हणजे नुसता भिंतीचा अरुंद तुकडा. नवशिका काय करतो, तिन्ही पट्ट्या एका टोकाला लावतो आणि घर एका बाजूला सुजल्यासारखं दिसतं. दोन वितींच्या पट्ट्या दाराच्या दोन्ही बाजूंना घ्या, एका वितीची जिन्याच्या अंगाला सरकवा. मग ते घर मुद्दाम तसं बांधल्यासारखं वाटतं. शेजारचा प्लॉट ७.२५ चा होता: दोन खांब, चार खण, एक वितीची पट्टी, संपलं.

यापुढचं जरा सावकाश वाचा, कारण आमची पहिली खेप इथेच बुडाली. तुकडा कसा दिसतो याआधी तो शेजाऱ्याला कुठे भेटतो ते ठरवायचं.

प्रत्येक तुकड्याचा ओरिजिन, म्हणजे तो जिथून धरला जातो तो बिंदू, एकाच जागी हवा. आमच्याकडे तो समोरून पाहताना खालचा डावा कोपरा, भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर. नंबरपॅडवरचा १ दाबला की तुकड्याचं तोंड दिसलं पाहिजे. भिंतीची जाडी त्या पृष्ठभागापासून आत जाते, बाहेर कधीच नाही. नागपूरच्या पोराने खिडकीचा ओरिजिन मध्यावर ठेवला होता, त्यामुळे त्याची प्रत्येक खिडकी अर्धी भिंतीत बुडायची आणि तो प्रत्येक वेळी हाताने ओढून बाहेर काढायचा. बत्तीस खिडक्या!

तुकड्याला पुढे यायची मुभा आहे, बाजूला सरकायची नाही. सज्जा तीन वीत पुढे येऊ दे, त्याला खालून आधार देणारा हस्त येऊ दे, पण डावी-उजवीकडे खणाच्या रेषेबाहेर एक केसही जायला नको. कठड्याच्या टोकाला गोल मूठ हवी असेल तर ती वेगळा तुकडा.

हद्दीवरच्या भिंतीसाठी सामाईक हा शब्दच काढून टाकला. ज्याची भिंत, ती पूर्ण त्याच्या रेषेच्या आत. दोन घरं एकमेकांना नुसती टेकतात, एकमेकांत घुसत नाहीत. लुकलुकणं त्या दिवसापासून बंद.

कोपरा कोणाचा, हा तंटा सगळीकडे होतो. समोरची भिंत कोपऱ्यापर्यंत नेली तर बाजूची तिच्यात घुसते, मागे घेतली तर चौकोनी खड्डा पडतो. आम्ही कोपरा दोघींपैकी कुणालाच दिला नाही. तिथे दोन वीत बाय दोन वीत असा खांब उभा राहतो आणि दोन्हीकडच्या भिंती त्याच्यापुढे सुरू होतात. वाड्यातही कोपऱ्याला खांबच असतो, त्यामुळे दिसायलाही खटकत नाही.

आणि घराचा शून्य म्हणजे रस्ता नव्हे. शून्य म्हणजे घरातली जमीन, जोत्याचा माथा. जोत्याचा तुकडा तिथून दीड मीटर खाली जातो. रस्ता जिथे येईल तिथे येऊ दे, जोत्याचा उरलेला भाग जमिनीखाली लपतो. रस्त्याची फाइल एकाच माणसाकडे ठेवा. आमच्याकडे ती माझ्याकडे आहे. प्रत्येक प्लॉटच्या घराची जमीन किती वितींवर आहे, एवढा एक आकडा मी प्रत्येकाला देते. पायऱ्या किती लावायच्या ते त्याचं त्याने बघायचं.

गल्ली सरळ नसते, हा प्रश्न भाच्याने लगेच काढला. त्याला तुकडेच वाकवायचे होते. तसलं काही करू नका. घर काटकोनातच राहू दे, सगळं घर फिरवा. दोन घरांमध्ये मग पाचरीसारखी फट उरते. तिथे पाण्याचा पाइप, एखादं बोळकं, नाहीतर साधी भिंत घाला. खऱ्या गल्लीत त्या जागेत हेच असतं, शिवाय एक मांजर.

एवढं झाल्यावर तुकड्यांची यादी. पहिल्या उत्साहात आमची यादी सत्तरवर गेली होती. ती तेरावर आणली. तोंड असलेले पाच खण: बंद, दाराचा, खिडकीचा, दुकानाचा, सज्जाचा. दोन पट्ट्या. खांब. पायरी. उरलेले चार म्हणजे जोतं, कुशीची भिंत, गच्चीचा कठडा आणि दुकानांवरची पाटीपट्टी. या चौघांना दर्शनी असं काही नाही, म्हणून ते एकेक वितीचेच बनवले आणि ॲरे मॉडिफायरने, म्हणजे एकाच तुकड्याच्या ओळीने प्रती लावणाऱ्या सोयीने, हवे तेवढे लांबवले.

पाटीपट्टीची कल्पना माझी, आणि तिचा मला थोडा गर्व आहे. तळमजला साडेतीन मीटरचा हवा होता, वरचे तीनचे. म्हणजे प्रत्येक तुकडा दोन उंचीत करायचा. त्याऐवजी सगळे तुकडे तीन मीटरचेच ठेवले आणि तळमजल्यावर अर्ध्या मीटरची आडवी पट्टी बसवली. दुकानाच्या पाट्या तिथेच लागतात. निम्मं काम वाचलं.

कौलांचं उतरतं छप्पर पहिल्या फेरीत घेतलंच नाही. दोन उतार एकमेकांना भेटले की सांध्यांचं गणित तिप्पट होतं. गच्ची आणि कठडा पुरे.

हे तेरा तुकडे आधी नुसते करडे डबे म्हणून करा. खिडकी म्हणजे डब्याला भोक, बस. त्यांच्यातून तीन घरं उभी करा: एक सरळ, एक कोपऱ्यावरचं, एक उतारावरचं. या तीन घरांत फट, घुसखोरी, उरलेली जागा, जे काही निघायचं ते निघतं. आमच्या कसोटीत निघालं की सज्जाच्या खणावर वरच्या मजल्याचा सज्जा आला तर मधला माणूस उभाच राहू शकत नाही, छत खाली आलं होतं. करड्या डब्यात ती दुरुस्ती दहा मिनिटांची होती. नक्षी कोरून झाल्यावर ती एका माणसाच्या आठवड्याची झाली असती, आणि भांडणाची.

कसोटी उतरली की मापं गोठवायची. त्यानंतर तुकड्याचं रूप कितीही बदला. माप, ओरिजिन आणि नाव बदलायचं नाही. वेगळं माप हवंच असेल तर वेगळ्या नावाचा नवा तुकडा. नावं आम्ही रोमन अक्षरांत लिहितो, पण रचना अशी: खण_खिडकी_१५०_३००_क. आधी घराणं, मग काम, मग रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये, शेवटी प्रकार. 'नवीन', 'फायनल', 'फायनल२' या शब्दांना आमच्याकडे बंदी आहे. ऑफिसात असताना 'फायनल' नावाच्या सात फाइली मी एकाच फोल्डरमध्ये पाहिलेल्या आहेत.

फाइली कशा वाटायच्या? ब्लेंडरची फाइल दोघांनी एकाच वेळी बदलली तर त्या दोन प्रती एकत्र शिवता येत नाहीत. म्हणून एका फाइलीचा मालक एकच. संचाची एक फाइल, प्रत्येक घराची एक, आणि शेवटी गल्लीची एक, जिच्यात नवीन काही बनवायचं नाही, फक्त घरं आणून ठेवायची. कोण कशाचा मालक ते गूगल शीटवर, आठ जणांना दिसेल असं.

संचातला तुकडा घराच्या फाइलीत आणताना अपेंड करू नका, लिंक करा. अपेंड म्हणजे झेरॉक्स: मूळ बदललं तरी तुमच्याकडची प्रत जुनीच. लिंक म्हणजे मूळच दिसतं. आम्ही अख्खा ऑब्जेक्ट न घेता फक्त त्याचा मेश, म्हणजे नुसता आकार, लिंक करतो. ऑब्जेक्ट आपल्या फाइलीत राहतो, आणि मटेरियल स्लॉटपुढचं (स्लॉट म्हणजे रंग-पोत बसवायचा कप्पा) 'डेटा' बदलून 'ऑब्जेक्ट' केलं की प्रत्येकाला आपल्या घराचा रंग वेगळा ठेवता येतो. त्यासाठी स्लॉटचा क्रम सगळ्या तुकड्यांत एकच हवा: पहिला गिलावा, दुसरा लाकूड, तिसरा दगड. एक लक्षात ठेवा, मेश लिंक केला की संचातले मॉडिफायर सोबत येत नाहीत. ते तिथेच अप्लाय करून टाका, म्हणजे त्यांचा परिणाम आकारातच पक्का होतो. स्केलसुद्धा. कंट्रोल-ए ही सवय हाताला लागली पाहिजे.

फोल्डरची रचना सगळ्यांकडे सारखी ठेवा आणि पाथ रिलेटिव्ह करून घ्या, म्हणजे जोडलेल्या फाइलींचा पत्ता तुमच्या संगणकापासून नाही, तर उघडलेल्या फाइलीपासून धरला जातो. ते फाइल मेनूत, एक्स्टर्नल डेटामध्ये आहे. माझ्याकडून हे राहिलं होतं. माझ्या संगणकावर सुंदर दिसणारी गल्ली बडोद्याला उघडली तेव्हा तिथे फक्त माझा रस्ता होता. घर एकही नाही.

टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावर चढवायचं चित्र, त्याबद्दल थोडक्यात. सगळ्यांनी एका मीटरला किती पिक्सेल ते ठरवा, आम्ही ५१२ धरले. म्हणजे २०४८ च्या एका चौकोनात ४ मीटर मावतात. त्या एकाच चौकोनात गिलावा, लाकूड, दगड यांच्या आडव्या पट्ट्या आखल्या आणि सगळे तुकडे त्यावरच बसवले. एकाची भिंत स्पष्ट आणि शेजाऱ्याची धूसर, असं मग होत नाही.

नक्षीला आवर घाला. बडोद्याच्या भाचीने सज्जाखालचा हस्त इतका जीव लावून घडवला की त्याची पृष्ठं दोन लाखांवर गेली. एका सज्जाला दोन हस्त, गल्लीत पन्नासेक सज्जे. माझा लॅपटॉप पंखा फिरवत बसला. ती आधी रुसली, मग तिनेच त्या नक्षीचा नॉर्मल मॅप, म्हणजे उठावाचा भास देणारं चित्र, काढून साध्या आकारावर चढवला. आता एक हस्त तीनशे त्रिकोणांचा आहे आणि रस्त्यावरून पाहताना फरक कळत नाही.

सगळी घरं एका साच्यातली दिसतील, ही भीती प्रत्येकाला वाटते. रंगाने आणि मजल्यांच्या संख्येने निम्मी जाते. उरलेली किडुकमिडुक घालवतं: वायरींची जुडी, अर्धं उघडं कवाड, दोरीवरची चादर, ओटल्यावर उपडी बादली. हे तुकडे कुठल्याच नियमात बसवू नका, जो तो आपल्या मर्जीने ठेवेल. नागपूरच्या पोराने प्रत्येक ओटल्यावर स्कूटर लावली तेवढी मात्र मी काढायला लावली.

होळकरांचा राजवाडा कुणी या संचातून करायला जाऊ नये. त्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, आणि त्या प्रवेशद्वारासारखं दुसरं शहरात नाही. एकदाच येणारी वास्तू वेगळी, हाताने घडवायची. तिच्यावर दोनच बंधनं: हद्दीच्या रेषा पाळायच्या, आणि शून्य माझ्या आकड्यावर ठेवायचा. पण एक गोष्ट त्याच्याकडून घ्या. दगड आणि लाकूड जिथे भेटतात ती रेषा मजल्याच्या रेषेवरच आहे. आम्हीही कुठल्याच तुकड्यात अर्ध्या उंचीवर सामान बदलत नाही.

मध्येच एक भाचा परीक्षेमुळे बाहेर पडला. सतरा, अठरा, एकोणीस ही त्याची घरं, तिन्ही करड्या डब्यांतच उभी. शीटवर त्याच्या नावापुढे आम्ही कुणाचं नाव घातलं नाही. परवा रात्री पुण्याहून भाचीने खिडकीचा आणि सज्जाचा खण पुरा करून संचाची फाइल सेव्ह केली. सकाळी मी गल्ली उघडली, तर सतरा नंबरला गजांच्या खिडक्या आल्या होत्या आणि अठराला लाकडी सज्जा. त्याला फोन केला तर म्हणाला, "आत्या, मी तर अजून हॉस्टेलवरच आहे." एकोणिसाव्या घराला फक्त दुकानाचे खण आहेत. ते अजून माझ्याकडे बाकी आहेत, फळ्यांच्या दाराच्या बिजागऱ्या जमत नाहीयेत.